हिंगाच्या डबीतली गोळी

एके काळी नशेत बुडालेला मामा, महिन्याला त्याची धुळ्याची एक गुपचूप फेरी आणि त्याच्या मागावर तोंडाला रुमाल बांधून निघालेला भाचा. एवढं वाचून तुम्ही मनातल्या मनात शेवट लिहूनसुद्धा टाकला असेल. पोलिसांची गाडी येणार, मामा पळणार, भाचा रडणार आणि व्यसन वाईट असतं हे फळ्यावर लिहून आम्ही तुम्हाला घरी सोडणार. तसं काही नाही. गाडी होती, पण पोलिसांची नव्हती. रडलं कोणी नाही. शिव्या मात्र मी पोटभर खाल्ल्या. त्या शेवटी वाढतो, दम धरा.

आधी माझं सांगतो. मी नकला करतो. हळदीला, गणपतीत, कॉलेजच्या गॅदरिंगला, आणि कोणी बोलावलं नाही तर मग घरातच. केळीचा व्यापारी फोनवर भाव पाडतो ते, एसटीचा कंडक्टर मागे सरका म्हणतो ते, आमच्या शेजारच्यांचा मिक्सर चटणी वाटताना अडकतो तेसुद्धा. ही विद्या मला मामाने दिली. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. तो आग्रा रोडला ट्रकवर होता, आणि घरी आला की तोंडाने हॉर्न वाजवायचा. पंजाबवाल्याचा वेगळा, गुजरातवाल्याचा वेगळा, घाटात ब्रेक तापलेल्याचा वेगळा. मी चौथी-पाचवीत असताना त्याच्या मांडीवर बसून हॉर्न शिकलो. मुक्ताईनगरकडच्या एका म्हाताऱ्या आबांचा आवाजही त्यानेच शिकवला. नाकातून, प्रत्येक वाक्याला आधी एक "ऑं?" असा.

पुढे त्याच ट्रकवर मामा पावडरीला लागला. आधी चमकीच्या कागदावर जाळून धूर ओढायचा, मग सुई. ते दिवस मी सांगत नाही. आईने दोनदा मंगळसूत्र शोधलं आणि दोनदा ते सापडलं नाही, एवढ्यावर समजून घ्या. शेवटी तोच कंटाळला. जळगावातल्या सरकारी केंद्रात जायला लागला. तिथे रोज सकाळी सिस्टरच्या समोर जिभेखाली गोळी ठेवायची, ती विरघळेपर्यंत तोंड उघडायचं नाही, मग जीभ दाखवायची आणि घरी यायचं. त्या गोळीने पावडरीची तडफड होत नाही. दोन वर्षं सरळ गेली. मामा आमच्याकडेच राहायचा आणि नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मोटार वाइंडिंगच्या दुकानात बसायचा. जळालेली पंपाची मोटार उघडायची, जुनी तार काढायची, नवी भरायची. मामाचा हात त्या कामात असा बसला की केळीवाले शेतकरी विचारायचे, "आमची मोटार मामानीच भरी का?"

नानांचा विश्वास मात्र हाताइतका बसला नव्हता. जळक्या मोटारीतलं तांबं ते रोज संध्याकाळी वजन करायचे. बोलायचे काही नाहीत, नुसतं काट्याकडे बघायचे. मग मामाकडे. मग परत काट्याकडे.

आणि यंदा उन्हाळ्यात मामाची मान पडायला लागली.

पहिल्यांदा मी पाहिलं ते दुकानात. हातात तार, डोळे उघडे, आणि हनुवटी हळूहळू खाली. छातीला टेकायच्या आत दचकून वर. परत खाली. चहा दिला तर कप तिरका होऊन मांडीवर. एकदा वार्निशच्या भट्टीजवळ असा डुलला की नानांनी कॉलर धरून मागे ओढला.

"झोप नही झाली का रात्री?" नाना म्हणाले.

"झाली ना, दाजी."

"मंग?"

मामाने उठून नळाखाली डोकं धरलं. नानांनी त्या दिवशी तांबं दोन वेळा वजन केलं.

त्यात डोळे पिवळे. अगदी हळदीसारखे नाही, पण उन्हात उभा राहिला की दिसायचे. आईने दिसताक्षणी ताट खाली ठेवलं. "डोया पिवया दिसतस तुना. दारू लिधी का तू?"

"अक्का, तुनी शप्पथ नही."

"मनी शप्पथ घेऊ नको. आजपावत मनी शप्पथ घीसनच तू मनं सोनं इकं."

मामा हसला, पण त्या हसण्यात दात नव्हते.

आता धुळ्याचं ऐका. मामा दर महिन्याला एकदा धुळ्याला जायचा. विचारलं तर "जुना मालक आहे, त्याच्याकडे हिशेब राहिलाय" म्हणायचा. कोणता मालक दर महिन्याला हिशेबाला बोलावतो आणि एकदाही पैसे देत नाही? मान पडायला लागली ती अशाच एका धुळ्याच्या फेरीनंतर. नानांनी दोन आणि दोन जोडले. मीही जोडले. घरात सगळेच जोडत होते, आणि सगळ्यांचं उत्तर एकच येत होतं: धुळ्याहून पावडर येते.

आणखी एक होतं. हिंगाची डबी. पिवळी, प्लास्टिकची. मामाच्या उशाच्या पिशवीत. आई एकदा म्हणाली, "याले रोज हिंग काबर लागस? मना सैपाकमा काय कमी शे?" मी डबी हुंगली. हिंगाचाच वास. उघडून पाहिली तर आत मोठाल्या गोळ्या, दोन-तीन तऱ्हेच्या, हिंगात लोळलेल्या. रात्री जेवण झालं की मामा पाण्याची बाटली घेऊन घरामागे जायचा आणि येताना त्याच्या ढेकराला हिंगाचा वास असायचा. मी घरी कोणाला सांगितलं नाही. प्रेमाने नव्हे. पूर्ण केस हातात आल्यावर सांगू, असा माझा विचार.

नानांना केसची गरज नव्हती. हायवेच्या बाजूला एक खाजगी केंद्र आहे, व्यसन सोडवायचं. नाना मला घेऊन बघायला गेले. उंच भिंत, गेटला आतून कुलूप. तिथला माणूस स्वतः कधीतरी दारूतून उठलेला, दाट मिशीचा. त्याने नानांना खुर्ची दिली आणि नियम सांगितले. फोन नाही, भेट नाही, सहा महिने बाहेर नाही.

"अन् त्याची सरकारी गोळी?" नानांनी विचारलं.

"गेटवरच बठ्ठ्या गोळ्या जमा, भाऊ. डोकेदुखीचीसुद्धा. गोळीनं गोळी सुटत नाही. तुम्ही फक्त फोन करा, सकाळी गाडी येऊन घेऊन जाईल. आमची चार पोरं असतात सोबत, तो ओरडला तरी काळजी नको."

नानांनी मान हलवली आणि उठले. धन्यवाद वगैरे काही नाही. नानांनी जन्मात कोणाला धन्यवाद दिलेले नाहीत. दुकानदाराने सुटे दिले तरी ते मोजून खिशात टाकतात आणि चालायला लागतात. नंबर त्यांच्या मोबाईलमध्ये मीच सेव्ह करून दिला. माझ्याही मोबाईलमध्ये राहिला.

"याची आते धुळ्याची पाळी शे," येताना नाना म्हणाले. "तू त्याच्या मागे जा. काय आणस ते पहा. पावडर दिसली तं गाडी बलावतो मी."

"अन् नाही दिसली तर?"

"तरी बलावसु. समजलं का?"

मग खरंतर मला जायचं कारणच नव्हतं. पण नकलाकाराला कोणी माणसाच्या मागे जा म्हटलं की पाय आपोआप निघतात. खानदेशात उन्हाळ्यात गुप्तहेराला वेष बदलावा लागत नाही. सगळी बसच रुमाल बांधून, गॉगल लावून बसलेली असते. सगळेच दरोडेखोर. मी पांढरा रुमाल बांधला आणि धुळे गाडीत शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. मामा पुढे, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर. पाळधीपर्यंत जागा होता. नंतर मान पडली.

मी बारीक बघत होतो. मला मामाची जुनी मान आठवत होती, पावडरीवाली. तेव्हा तो डुलायचा तर सुखात डुलायचा. नाक खाजवायचा, गोड गोड बोलायचा, "भाचेबुवा, पन्नास आहेत का?" म्हणायचा. ही मान वेगळी होती. ही भांडत होती. वर येताना प्रत्येक वेळी आजूबाजूला बघायची, कोणी पाहिलं का म्हणून. दोन्हींची नक्कल करायची म्हटली तर दोन वेगळ्या माणसांची करावी लागली असती. हे मला तेव्हा कळलं, पण त्याचा अर्थ लागला नाही. मला वाटलं, पावडरच वेगळी असेल. भेसळ असेल.

एरंडोलला कंडक्टर तिकिटं तपासत मागे आला. मी घाबरलो, आपला आवाज ओळखला जाईल. म्हणून मुक्ताईनगरच्या आबांचा आवाज काढला. नाकातून. "ऑं? धुयाना काढेल शे ना बापू तिकीट, हे काय."

कंडक्टर पुढे गेला. मामाची मान सरळ झाली होती. वळून मात्र पाहिलं नाही त्याने.

धुळ्याला उतरलो. मामा चालतोय, मी मागे, मध्ये रसवंतीची गाडी, रिक्षावाले, उन्हाने पांढरा पडलेला रस्ता. एका निंबाखाली मामा थांबला आणि माझ्याकडे पाठ ठेवूनच बोलला.

"आबा, पाय दुखत असतीन. या, चहा पिऊ."

मी रुमाल काढला. "कधी कळलं?"

"एरंडोलला. तो आवाज मी शिकवेल शे, लेका. माझाच माल मलाच विकतोस?"

टपरीवर बसलो. मामाने चहा घेतला. कप तिरका व्हायला लागला तसा मी धरला. आणि सरळ विचारलं, "डबीत काय असतं?"

"नानांनी धाडलं?"

"हां."

"मग नानांना सांगायचं काय ठरवलंस?"

"बघून ठरवणार."

मामा बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिला. मला वाटलं झोपला. मग म्हणाला, "ट्रकवर असताना चौघांत एक सुई होती. त्यातला एक गेला. तो गेल्यावर मी तपासून घेतलं. मला पण आहे. एचआयव्ही." हे त्याने इतकं हळू म्हटलं की टपरीवाल्याच्या स्टोव्हचा आवाज मोठा वाटला. "औषध इथून घेतो. जळगावातही मिळतं. पण तिथे लाइनीत उभं राहिलं तर पुढे गल्लीवाला न् मागे पाव्हणा. तुझ्या आईचं दार कोणी वाजवायचं नाही मग."

माझ्याकडे तेव्हा कोणाचाच आवाज नव्हता. मी फक्त "बरं" म्हटलं.

"आणि ही झोप?"

"ते मला नाही माहीत. आधीच्या गोळ्या लागू पडेनात म्हणून मागच्या फेरीला बदलून दिल्या. तेव्हापासून सुरू झालं. वय झालं असेल."

मामा चाळिशीचा नाही अजून. मला त्याच्यावर अर्धा विश्वास बसला, अर्धा नाही. ज्याने आईच्या शपथेवर सोनं विकलं तो एचआयव्हीची गोष्टही रचू शकतो. म्हणून मी म्हटलं, "मी आत येणार."

मोठ्या सरकारी दवाखान्याच्या मागच्या अंगाला ती इमारत होती. आत गर्दी, पण आवाज नाही. बायका होत्या, एक पोरगी मोबाईलवर गेम खेळत होती, धोतरातले एक आजोबा होते. सगळे रुमालात. पण हे रुमाल उन्हाचे नव्हते, हे आत आल्यावरही सुटत नव्हते. मामाला तिथली बाई हसून "या" म्हणाली. म्हणजे गोष्ट रचलेली नव्हती.

डॉक्टर मॅडम आमच्या कॉलेजच्या मॅडमसारख्याच दिसत होत्या, चष्मा कपाळावर. "हे कोण?"

"भाचा. याला आजच कळलं."

"चालेल ना तुम्हाला, याच्यासमोर बोललं तर?"

"आता काय लपवायचं."

"नवीन गोळ्यांनी काही त्रास?"

"काही नाही, मॅडम. एकदम मस्त."

मी म्हटलं, "झोपतात ते."

मामाने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मॅडमने चष्मा खाली घेतला. "झोपतात म्हणजे? रात्री?"

"दिवसा. बसल्या-बसल्या."

"कसे?"

आता कसे हे मी शब्दांत सांगणार होतो? मी खुर्चीत मागे सरकलो आणि करून दाखवलं. हातात न असलेली तार धरली. डोळे उघडे ठेवून हनुवटी सोडली. हळू. छातीजवळ आल्यावर दचकलो, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, कोणी बघत नाही ना. परत सोडली. कप तिरका केला. दारातली बाई फिस्सकन हसली. मामासुद्धा हसला, बिचारा, त्याला माझी नक्कल नेहमी आवडते.

मॅडम हसल्या नाहीत. "परत कर."

मी परत केलं.

"झोपेत श्वास कसा असतो? तो काढून दाखव."

बसमध्ये मी ऐकला होता. लांब, संथ, मध्ये थांबा. मी काढून दाखवला. मॅडम माझ्याकडे नाही, मामाच्या डोळ्यांकडे बघत होत्या. त्याच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झालेल्या, तेव्हा मलाही दिसल्या.

"आमच्या गोळ्यांशिवाय आणखी काय घेता?"

"काही नाही."

"मामा," मी म्हटलं.

"काही नाही म्हटलं ना."

"मी पोलीस नाही," मॅडम म्हणाल्या. "मला फक्त तुमच्या पोटात काय-काय एकत्र येतंय ते कळायला पाहिजे."

मामा जमिनीकडे बघत होता. मला त्याचं गणित दिसायला लागलं. धुळ्यात तो फक्त एचआयव्हीवाला, जळगावात फक्त नशेवाला. दोन गावं, दोन गुपितं, आणि मध्ये एसटी. धुळ्याला पावडरीचं कळलं तर म्हणतील हा नशेडी, याला भारी गोळ्या देऊन काय उपयोग. जळगावच्या केंद्राला एचआयव्हीचं कळलं तर तिथली सिस्टर आमच्याच गल्लीतली. म्हणून त्याने दोन्हीकडे अर्धाच मामा नेला.

"जिभेखालची," शेवटी तो म्हणाला. "रोज सकाळी. जळगावला. दोन वर्षं झाली."

मॅडमने खुर्ची मागे ढकलली. "आणि हे तुम्ही मला आज सांगताय? मागच्या वेळी गोळ्या बदलताना मी विचारलं होतं ना?"

"विचारलं होतं."

"अहो, दोन्ही औषधं चांगली आहेत. पण जिभेखालची गोळी अंगातून बाहेर पडते ती लिव्हरच्या वाटेने. आणि आम्ही दिलेली ही नवी गोळी त्याच वाटेत उभी राहते. एसटीच्या दारात एखादा उभा राहतो ना, स्वतःही उतरत नाही, दुसऱ्यालाही उतरू देत नाही? तसं. तुम्ही सकाळी नेहमीएवढीच गोळी घेताय, पण कालची अजून आतच आहे. ती साठते. म्हणून ही मान."

"आणि डोळे पिवळे?" मी विचारलं.

"या नव्या गोळीने काहींना होतात. बहुतेक वेळा घाबरायचं नसतं. तरी आज रक्त तपासू."

"मग ही नवी बंद करतो मी," मामा चटकन म्हणाला.

"आत्तापर्यंत किती वेळा केलीत बंद?"

मामा नखातलं वार्निश काढायला लागला. मग म्हणाला, "दुसऱ्या दिवशी बारीक तारेचं काम असलं तर सोडायचो. नानांपुढं मान पडू नये म्हणून."

त्यावर मॅडमने मामाला जे झापलं ते मी इथे लिहीत नाही, कारण मला माझ्या वाटणीचं शेवटी लिहायचंय. मधलं एवढंच: आधीच्या गोळ्या अशाच सोडून-सोडून बाद झाल्या, याही बाद झाल्या तर पुढे देण्यासारखं फार उरत नाही. मनाने ही सोडायची नाही आणि तीही सोडायची नाही. जिभेखालची गोळी किती द्यायची ते तिथले डॉक्टर ठरवतील, आणि मामाला डोळ्यांसमोर ठेवून ठरवतील. दारू नाही, झोपेची गोळी नाही, गाडी चालवणं नाही. "आणि तू," मला म्हणाल्या, "हलवून जागे झाले नाहीत, किंवा श्वास असा थांबून-थांबून वाटला, तर नक्कल करत बसू नको. तडक दवाखाना."

मग मुख्य प्रश्न. "तुमच्या जळगावच्या डॉक्टरांशी मी आत्ता फोनवर बोलू का? तुम्ही हो म्हणालात तरच."

मामाने दाराकडे पाहिलं. बाहेर कोणाचा तरी नंबर पुकारला. "डॉक्टरशीच," तो म्हणाला. "सिस्टरला नाही. शिपायाला नाही. डॉक्टरलाच."

"डॉक्टरांनाच," मॅडम म्हणाल्या. जाताना मामाने दाराजवळ मला विचारलं, "खरंच डॉक्टरलाच सांगतील ना?" मलाही माहीत नव्हतं. आमच्या घरात संशय हा पाण्यासारखा सगळ्यांना पुरतो.

परतीची बस. पारोळ्याला गाडी थांबली आणि आईचा फोन. "कोठे शे तू? नानानी फोन करी टाका. उद्या सकाळमा गाडी ईन केंद्रनी."

"आई, मामा पावडर घेत नाही. मी डोळ्यांनी पाहिलं."

"मंग झोपस काबर? डोया पिवया काबर?"

मामा माझ्या तोंडाकडे बघत होता. मी काय सांगणार? एका औषधाने. कोणत्या औषधाने? कशाचं औषध? तिसऱ्या प्रश्नाला आई तिथे पोचली असती. "सांगतो घरी आल्यावर," म्हणून मी फोन ठेवला.

"सांगितलंस तर मी इथंच उतरतो," मामा म्हणाला. धमकी नव्हती ती. त्याने पिशवी खरंच मांडीवर घेतली होती. पिशवीत हिंगाची डबी होती, नव्या महिन्याच्या गोळ्यांनी भरलेली. ती उद्या सकाळी गेटवर जमा होणार. जिभेखालचीही बंद. म्हणजे एकीकडे पावडरीची तडफड परत, आणि दुसरीकडे जे औषध एकही दिवस सोडू नको असं दुपारीच बजावलं होतं ते सहा महिने कुलुपात. शिवाय चार पोरं डबी उघडणार, विचारणार, ही कसली गोळी रे?

मी खाली उतरलो. स्टँडच्या भिंतीआड गेलो. नानांचा आवाज सोपा नाही. आधी खाकरावं लागतं, तोंडात तंबाखू आहे असं धरून जीभ डाव्या गालात ठेवावी लागते आणि समोरच्याचं ऐकून घ्यायच्या आधीच चिडलेलं असावं लागतं. मी खाकरलो आणि मिशीवाल्याला फोन लावला.

"हां, मी बोलतो. वाइंडिंगवाला. उद्या गाडी धाडू नका. पोऱ्याच्या मोबाईलवरून बोली ऱ्हायनू, मना बंद शे."

"काय झालं भाऊ? पळाला का तो?"

"पळना नही. मनी बहीणना दीर येल शे घरी. पाहुणा असताना तमाशा नको. मी परत सांगसु तवय धाडा. समजलं का?"

"ठीक आहे भाऊ, तुमचा शब्द."

माझ्या छातीवरची मोटार उतरली. "थँक्यू," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.

मामा खिडकीतून बघत होता. मी चढलो तसा म्हणाला, "खाकरणं जरा जास्त झालं." आणि एरंडोल यायच्या आत त्याची मान परत पडली. मी त्याचा श्वास ऐकत बसलो.

सकाळी मामा केंद्रात गेला. मी सोबत. तिथले डॉक्टर स्वतः बाहेर आले, त्याला आत नेलं, दार लावलं. बाहेर येऊन मामाने मला खुणेनेच सांगितलं, कमी केली. काही दिवस रोज गोळीनंतर तिथेच बसायचं, लक्ष ठेवणार. आमच्या गल्लीतल्या सिस्टरने नेहमीसारखंच म्हटलं, "जीभ दाखवा." मामाने तिच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं, तिला काही कळलंय का म्हणून. काही दिसलं नाही. तरी जाताना दोनदा वळून बघितलं.

दुकानात आलो तर नाना इस्त्रीचा शर्ट घालून बाकावर, मोबाईल कानाला. आम्हाला पाहून त्यांनी तो खाली घेतला. माझी जीभ आपोआप डाव्या गालात गेली.

मामाने चप्पल काढली, मोटार पुढे ओढली. "दाजी, गाडी माझ्या पाठीमागं बोलावली होती ना तुम्ही? मला माहीत शे. मी सांगतो. मी दोन औषधं घेतो. दोघांचं एकमेकांशी जमत नव्हतं. म्हणून झोप यायची. डॉक्टरनं आज एक कमी केलं."

"दोन?" नाना म्हणाले. "एक तं जिभखालची. दुसरी कसानी?"

मामाने तारेचं टोक दाताने सोललं. "सांगसु. आज नही."

नाना त्याच्या डोळ्यांकडे बघत होते. पिवळेच होते ते अजून. मामाने तार भरायला घेतली, आणि नाना त्याच्या मानेकडे बघत राहिले, पडते का म्हणून. मान पडली नाही. निदान त्या वेळी तरी. नानांनी मोबाईल परत कानाला लावला. "हां, ऐकी ऱ्हायनात का? राहू द्या आते. आठ दिस पाहस मी," म्हणाले, आणि ठेवून दिला.

मग माझ्याकडे वळले. हे तुम्हाला सुरुवातीला कबूल केलेलं.

"इकडे ये. मना आवाज काढस तू? बापना? लाज वाटस का? मी सकाळपासून शर्ट घालीसन बसेल, अन् तो मिशीवाला मालेच सांगस की तुम्हीच काल नको म्हणनात! मी म्हणनू, मी कवय म्हणनू? अन् बहीणना दीर? माले बहीण शे का रे? धुयाले तुले हेरगिरी कराले धाडं का सोंग कराले? काय शे तठे, सांग!"

मी मामाकडे पाहिलं. मामा तार भरत होता.

"हिंग चांगला मिळतो तिथं," मी म्हटलं.

"हिंग! थांब, तुले दाखाडस हिंग. शाळा शिकाडी, कालेज शिकाडं, अन् शेवट काय, बापनी नक्कल! अन् ती बी धड नही. तो मिशीवाला माले काय म्हणस माहीत शे का? म्हणे भाऊ, बहीण-दीरवर मना विश्वास बसी गया, पण शेवटले तुम्ही थँक्यू म्हणनात, तवय माले संशय पडी गया. थँक्यू! आरे गधड्या, मी तुना मायले लगीनपासून आजपावत थँक्यू म्हणं का? कोणले म्हणं का? परत मना आवाज काढशी तं आधी बाप कसा शे ते शिक!"